साखर बाजूला

बाळाजी : ते पातेलं उचल आधी. माझ्या च्याच्या जगाशेजारी ठेवू नगंस.

गुंडू : कित्याक? बाटतलो काय तुझो जग?

बाळाजी : गोडाचा वास लागतो. आमच्या च्यात साखरेचा वाससुद्धा चालत न्हाई.

गुंडू : 'आमच्या'? तू कराडचो मां रे? कराडात गूळ घालून चाय पितत, तां मी माझ्या डोळ्यांनी बगलंय.

बाळाजी : ती कराडची गोष्ट. मी बोलतोय बोस्टनची. अकरा वर्सं हितं बहारिनात बोस्टनच्या विन्स्लो मॅडमच्या हाताखाली काढली म्या. आमच्यात च्या करायचा, गार करायचा, बर्फावर वतायचा, लिंबाची चकती लावायची, आन् साखर बाजूला वाटीत. संगट लांब चमचा. ज्याला पायजे त्यानं घ्यावी. सभ्य मानसाची रीत हाय ती.

गुंडू : सभ्य! थंड चायेत साखर कधी विरघळता रे? पावणो बिचारो ढवळता, ढवळता, हात दुखाक लागता, आणि साखर आपली बुडाक बसलेली. पयलो घोट कडू, शेवटचो घोट पाक. आमच्या हार्लन मॅडमच्या गावात अशी चाय दिली तर पावणो परत पायरी चढाचो नाय.

बाळाजी : हार्लन मॅडमच्या गावात! जॉर्जिया म्हंजी काय रं? भुईमूग पिकवणारी मानसं ती. विन्स्लो मॅडमनंच सांगितलंय मला.

गुंडू : तुझ्या बापाशीन काय पिकयल्यान? केशर?

बाळाजी : बापाचं काढू नगंस.

गुंडू : भुईमूगच मां? सांग मगे, भुईमुगाक नावां कित्याक ठेवतस?

बाळाजी : तू करतोस त्यो च्या न्हवंच. काकवी हाय ती. उकळत्या च्यात वंजळीनं साखर, वर चिमूटभर सोडा. सोडा! भजी तळायची हाईत का?

गुंडू : सोडो घातल्यार चाय तुरट होना नाय. हार्लन मॅडमच्या आजयेची रीत आसा ती. साखर गरम चायेतच विरघळूक व्हयी, पावण्याच्या हातात चमचो देवचो नाय. आपलां घर आसा, आपण गोड करून देवचां. तुझी विन्स्लो मॅडम पावण्याकडसून काम करून घेता.

बाळाजी : विन्स्लो मॅडम तुझ्या च्याला काय म्हणती ठावं हाय? खोकल्याचं औषद.

गुंडू : आणि हार्लन मॅडम तुझ्या चायेक काय म्हणता? रंगाचे ब्रश धुतलेलां पाणी.

बाळाजी : तिला चव असती तर ती जॉर्जियात कशाला जल्मली असती?

गुंडू : मेल्या, माझ्या किचनात उभो रवान माझ्याच मॅडमीक नावां ठेवतस? तुका हय येवक कोणी दिल्यान? मीच मां?

बाळाजी : उपकार कर आन् धा वेळा बोलून दाखव.

गुंडू : धा नाय, शंभर वेळा दाखवतलंय. तुझी मॅडम महिन्याअखेरीक जाताहा अमेरिकेक. बंगलो सुटलो की तुझो व्हिसा कॅन्सल. नव्या साहेबाच्या बायलेन तुका ठेवल्यान तर रवतलस, नायतर जातलस कराडाक. ती नवी बाई आज हय पार्टीक येतली, आमच्या मॅडमीन बोलवल्यान हा. म्हणून तुझ्या मॅडमीन माझ्या मॅडमीक सांगल्यान, आणि माझ्या मॅडमीन माका, की आजची चाय बाळाजीन करूची, नव्या बाईक चव कळूक व्हयी. खरां की खोटां?

बाळाजी : खरं हाय.

गुंडू : मगे जरा हळू बोल.

बाळाजी : हळूच बोलतोय. पर तुझ्या पद्धतीनं करणार न्हाई. ती नवी बाई शिकलेली हाय, नीटनेटकी हाय, एवढं विन्स्लो मॅडम बोलली. शिकलेली म्हंजी साखर बाजूला.

गुंडू : टेक्सासची असली तर? थंय अर्धे गोड पितत, अर्धे कडू.

बाळाजी : टेक्सासची असली तर तिलाच धड ठावं नसणार. वाटी फुडं ठेवायची, गप बसायचं.

गुंडू : आणि इंग्लिश असली तर? ती आधीची विल्किन्स बाई आठवता? बर्फ बगून बोंबलली. म्हणाली, मेलेल्या माणसाक बर्फात ठेवतत, चायेक नाय.

बाळाजी : इंग्लिश लोकांचं ऱ्हाऊ दे. दूध वतून च्याचं डबकं करणारी मानसं.

गुंडू : बहारिनी असली तर? तेलाची कंपनी सरकारान घेतल्यापासून गोरे एकएक करून चलले. तिकडे सौदीपर्यंत पूल बांधतत, उद्या थंयसूनय येतले साहेब.

बाळाजी : त्यांचा च्या बोटाएवढ्या पेल्यात. तळाला साखरंचा थर.

गुंडू : थर तुझ्याय ग्लासात रवता.

बाळाजी : आमचा थर पावण्याच्या मर्जीनं असतो.

गुंडू : बरां बाबा. आयक, माझो मेवणो तुबली गावातल्या गॅरेजात आसा. हय जमला नाय तर थंय सांगान बगू काय? गाडये धुवूक माणूस व्हयो तेंका.

बाळाजी : बोस्टनचा कुक गाड्या धुणार?

गुंडू : कराडचो धुतलो. बोस्टनचो जातलो मॅडमीवांगडा इमानातून.

बाळाजी : गुंडू, थट्टा बास. मला भ्या वाटतंय रं. कराडला जाऊन करू काय? तिथं कोण बर्फ घालून च्या पितंय? शेती भावानं वडली. पोरगी कॉलेजात हाय. दुसरं काय येतंय मला? टेबल लावायचं, नॅपकिन घडी करायचा, लिंबाची चकती कापायची. गावात मला इचारतील, बाळाजी, अकरा वर्सं काय शिकलास? आन् मी सांगू, साखर बाजूला ठेवायला शिकलो?

गुंडू : म्हणून तर सांगतंय. माझ्या हातची पद्धत शीक. दोन्ही येतत म्हणून सांग बाईक. गोड म्हणाली तर गोड, कडू म्हणाली तर कडू.

बाळाजी : तुझ्याकडनं? च्या? तुझ्याकडनं च्या शिकायची पाळी आली तर त्याच तुबलीच्या खाडीत उडी मारीन मी.

गुंडू : मार. पाणी गुडघ्याएवढां आसा थंय.

सुरेखा : हा डबा कुठे ठेवू?

गुंडू : इले समोसे! हय ओट्यार ठेवा, बाई. बाळाजी, मॅडमीन अकाउंटातल्या कोणाच्या तरी बायलेक समोसे सांगल्यान होते, तीच ही.

बाळाजी : उशीर केला, बाई. आन् म्होरल्या दारानं आला जणू? समोसे घिऊन येणारानं मागल्या दारानं यायचं असतं. हितली पद्धत हाय.

सुरेखा : असं होय? मला कोणी सांगितलं नाही.

बाळाजी : आता म्या सांगितलं. म्होरल्या वेळंला ध्यानात ठेवा.

सुरेखा : ठेवते. पण डब्यात समोसे नाहीत. नारळाच्या वड्या आहेत.

बाळाजी : वड्या? गोऱ्या बायकांस्नी वड्या? बाई, त्या एक उचलतील, हुंगतील आन् कुंडीत टाकतील. तुमी लोकं इतकी वर्सं ऱ्हाता हितं, पर काय शिकत न्हाई बगा.

सुरेखा : तुम्ही बरंच शिकलेले दिसता. बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. भांडण कशावरून चाललंय?

गुंडू : चायेवरसून, बाई. बर्फाची चाय. ही माझी, जॉर्जियाची. ही तेची, बोस्टनची. बगतास घोटभर?

सुरेखा : द्या. ...हा पाक आहे. गुलाबजाम सोडले असते तर निदान सत्कारणी लागला असता.

बाळाजी : आयकलंस?

सुरेखा : आता तो द्या. ...आणि हा काढा. आमच्याकडे ताप आला की देतात. तो निदान गरम तरी असतो.

बाळाजी : साखर बाजूला असती, बाई. वाटीत. आपल्या हातानं घ्यायची.

सुरेखा : घरी बोलवायचं आणि साखर आपली आपण घ्यायला लावायची? आम्हा पुणेकरांबद्दल लोक काय काय बोलतात, पण इतकं आम्हीसुद्धा करत नाही.

बाळाजी : तुमास्नी न्हाई कळायचं ते. अकाउंटच्या क्वार्टरमधी सकाळचा च्या उकळून उकळून संध्याकाळी पिणारी मानसं तुमी. ही चव अवालीतल्या गोऱ्यांच्या बंगल्यांची हाय. हा च्या मी नव्या साहेबाच्या बायकोसाठी केलाय.

सुरेखा : कोण नवे साहेब?

बाळाजी : हाईत एक इंजिनियर. त्यांच्या बाईसाहेब येतील इतक्यात. त्यांस्नी कळंल.

सुरेखा : आणि कळलं की?

गुंडू : तेका ठेवतली. कुक म्हणून. नायतर तेचो व्हिसा खलास.

सुरेखा : म्हणजे नोकरीचा प्रश्न आहे. बरं, समजा, त्या बाई गोऱ्या नसल्या तर? एखादी आपलीच निघाली, मराठी?

बाळाजी : आपली? विन्स्लो साहेबाच्या बंगल्यात?

सुरेखा : समजा म्हटलं.

बाळाजी : तर मी तुबलीला गाड्या धुवीन, बाई. आपल्या मानसाच्या घरात चाकरी नगं रं देवा.

सुरेखा : का हो?

बाळाजी : गोरी बाई सकाळी एकदा सांगती आन् टेनिस खेळाया जाती. आपली बाई दिसभर मागं उभी ऱ्हाती. कांदा असा चिर, गॅस बारीक कर, नळ बंद कर. साखर वाटीनं मोजून देती, डब्याला कुलूप लावती, किल्ली कमरंला. आन् महिन्याच्या शेवटाला इचारती, साखर मुंग्यांनी खाल्ली का तुमी? गोऱ्या मानसाला चव नसंल, पर मन मोठं असतं. आपल्या लोकांचं मन चमच्याएवढं.

गुंडू : बाळाजी, पुरे झालां.

बाळाजी : पुरे कशाला? इचारलंय तर सांगू दे की.

गुंडू : गप रव म्हणतंय. बाईंच्या हातातलां कार्ड बग.

बाळाजी : कसलं कार्ड?

गुंडू : आमच्या मॅडमीन पावण्यांका पाठवल्यान, तां. सोनेरी कडेचां. समोसेवालीक कोण कार्ड पाठवता?

सुरेखा : बरोबर ओळखलंत. मी सुरेखा रानडे. विन्स्लोंचा बंगला पहिल्या तारखेपासून आमचा. माझे मिस्टर नवे इंजिनियर.

गुंडू : बाईसाहेब, बसा. खुर्ची आणतंय.

सुरेखा : नको. खुर्च्या बाहेर पुष्कळ आहेत. तुम्हीच बाळाजी ना? मिसेस विन्स्लोंनी फोनवर तुमचं फार कौतुक केलं. 'ही इज अ जेंटलमन' म्हणाल्या. मी म्हटलं, वड्यांचा डबा आपणच आत नेऊन ठेवावा आणि जेंटलमनना सांगून यावं, की पहिल्या तारखेला कुठे जाऊ नका, इथेच राहा म्हणून.

बाळाजी : बाईसाहेब, चुकलं माझं. तुमास्नी समोसेवाली समजलो मी.

सुरेखा : समोसेवाली समजलात, त्याचा मला मुळीच राग नाही. समोसेवालीशी कसे बोलता, ते ऐकलं.

बाळाजी : म्या... तसं न्हवं...

सुरेखा : तसंच होतं. हार्लनबाईंनी मला दारात हात जोडून नमस्ते केलं. कोणाकडून तरी शिकून घेतलं असेल बिचारीनं. आणि तुम्ही मला मागचं दार दाखवलंत. मराठीत.

गुंडू : बाईसाहेब, तोंडान फाटको आसा तो, पण मनान वायट नाय. भियालो हा.

सुरेखा : तुम्ही मध्ये पडू नका. दोघांची वकिली मी बाहेरून ऐकली आहे. एक जॉर्जियाचे, एक बोस्टनचे! घरच्या चहाचं नाव काढायची लाज वाटते, आणि ज्या गावी उभ्या जन्मात जाणार नाही, त्या गावच्या सरबतासाठी एकमेकांचे बाप काढता. माणसं कुठली तुम्ही?

बाळाजी : कराडजवळचा हाय मी, बाईसाहेब.

सुरेखा : आत्ता आठवलं! मग असं करा. मी बाहेर जाऊन बसते. मला एक ग्लास पाठवा. ह्या दोन्ही जगांतला नको. तुमच्या घरी पाहुणा आला तर त्याला जसा द्याल तसा करा. फक्त गार. मला विचारायला येऊ नका, किती साखर, कसा हवा. पाहुण्याला विचारत नाहीत आपल्याकडे. आणि त्या वड्या ताटलीत काढून आणा. कुंडीत टाकतात का, बघते मी.

गुंडू : गेली.

बाळाजी : माती केली रं म्या.

गुंडू : केलंस. आता चाय कर.

बाळाजी : साधं पानीबी माझ्या हातानं उकळायचं न्हाई आता.

गुंडू : सर. पाणी मी ठेवतंय. तू चायेचां बग. घराक कसां करतत?

बाळाजी : घरी आई गूळ घालायची. आल्याचा तुकडा ठेचून. पितळीत द्यायची. पावणा न्हाई म्हणला तरी वर अजून वतायची.

गुंडू : हय गूळ नाय. आला आसा. साखर आसा. ह्यो घे डबो.

बाळाजी : चमचा दे.

गुंडू : हातान घाल मेल्या. मुठीन.

बाळाजी : चमचा दे म्हणतोय. ...झालं.

गुंडू : एक चमचो? कोणाक दितस? मुंगयेक?

बाळाजी : बास हाय.

गुंडू : आणि एक घाल. तुका सांगतंय ना. पुण्याची असली तरी आपली बाई ती, तिका गोड लागतला.

बाळाजी : घालवत न्हाई रं. हात फुडं जात न्हाई. अकरा वर्सं च्यात साखर घातली न्हाई म्या. कुणाच्याच न्हाई. माझ्यासुद्धा.

गुंडू : तुझ्यासुद्धा? एकटो बसान पितस तेवाय?

बाळाजी : विन्स्लो मॅडम प्येती तसाच प्येतो.

गुंडू : काय म्हणू आता तुका! दी तो ग्लास. बर्फ घाल. लिंबू नको, आला आसा. मी नेतंय.

बाळाजी : वड्या बी ने. आन् गुंडू, माझं नाव काढू नगंस तितं.

(गुंडू ट्रे घेऊन बाहेर जातो. बाळाजी ओटा पुसत राहतो. गुंडू परत येतो.)

बाळाजी : प्याली?

गुंडू : प्याली. सगळी.

बाळाजी : वड्या?

गुंडू : वड्यो संपल्यो. तुझ्या विन्स्लो मॅडमीन तीन खाल्ल्यान.

बाळाजी : विन्स्लो मॅडमनं? साखरंच्या?

गुंडू : बोटां चाटल्यान वर.

बाळाजी : ...आन् बाई काय बोलली?

गुंडू : सगळ्यांसमोर काय नाय बोलली. ग्लास ट्रेत ठेवताना हळूच म्हणाली, आला बरां लागला, पण साखर कमी.

बाळाजी : कमी?

गुंडू : म्हणाली, त्यांना सांगा, साखर मोजून मी देत नाही, ते देतात. मनाचा चमचा कोणाचा केवढा, ते कळलं म्हणावं.

बाळाजी : बोलू दे. बोलायचा हक्क हाय तिचा. मी जातो. तुझ्या मेव्हण्याला इचारून ठेव.

गुंडू : पुरां आयकून घे. महिनोभर ठेवता म्हणाली. बंगल्याच्या चाव्ये तुझ्याकडेच रवांदेत म्हणाली, व्हिसाचां साहेब बगतले. महिन्यात साखर घालूक शिकलस तर पुढे. नाय शिकलस तर कराड. मागच्या दाराचां मातूर एक सांगल्यान. तिच्या घरात समोसेवाली पुढच्या दारान येतली, आणि दार तू उघडूचां.

बाळाजी : उघडीन.

गुंडू : आणि आता आणखी एक जग मागितल्यान. आल्याची, गोड. आमची मॅडम, तुझी मॅडम, सगळ्यांका व्हयी झाली हा. त्याच हातची, म्हणाली, पण पावण्यासारखी. मी पाणी ठेवलंय बग.

बाळाजी : एवढा जग?

गुंडू : एवढो.

बाळाजी : गुंडू...

गुंडू : काय?

बाळाजी : एवढ्या जगाला साखर किती घालतोस रं तू?

गुंडू : आधी तुबलीच्या खाडीत उडी मारून येतलस, की चाय झाल्यार मारतलस?

बाळाजी : पानी उकळलंय. सांग.